शिष्यवृत्तीची शिल्लक आणि गुर्निया

प्राचीन ग्रीस व रोम यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ ग्रंथांच्या भरवशावर न ठेवता सरकारी वा खासगी खर्चाने प्रत्यक्ष त्या भूमीवर धाडावे, ही पाश्चात्त्यांची रीत बरीच जुनी आहे. फ्रेंचांनी अथेन्स येथे आपली संस्था १८४६ साली स्थापिली, अमेरिकनांनी १८८१ साली; जर्मन पुरातत्त्व संस्थेचे प्रवासवेतन १८५९ पासूनचे.

परंतु या खर्चाचे खरे सार्थक पाहावयाचे, तर ते हॅरिएट बॉइड या अमेरिकन विदुषीच्या हकिकतीत. अथेन्सच्या अमेरिकन संस्थेत शिष्यवृत्तीवर शिकत असता, उत्खनन हे स्त्रियांचे काम नव्हे असा तेथील धुरीणांचा कल (जो आपल्याकडेही अपरिचित नाही) दिसून येताच, या बाईंनी शिष्यवृत्तीची उरलेली रक्कम घेऊन १९०० साली क्रीट बेट गाठले, नोसॉस येथे नुकतेच खोदकाम आरंभलेल्या आर्थर इव्हान्स यांचा सल्ला घेतला, आणि खेचरावरून पूर्वेकडील डोंगराळ मुलूख धुंडाळीत कावूसी येथे कुदळ मारली. पुढल्याच वर्षी एका स्थानिक शेतकऱ्याच्या माहितीवरून गुर्निया हे कांस्ययुगीन नगर त्यांस गवसले. राजवाड्यांच्या वैभवाहून मला अधिक मोलाच्या वाटतात त्या तेथील फरसबंद गल्ल्या, सामान्य कारागिरांची घरे आणि त्यांची हत्यारे. शिष्यवृत्तीची रक्कम अथेन्सच्या हद्दीतच खर्चावी, असा कारकुनी दंडक कोणी घातला असता, तर हे श्रेय बाईंच्या पदरी क्वचितच पडते.

उत्खननाचा सविस्तर, सचित्र वृत्तान्त त्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केला. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.