स्टोनफिश नेमका कोणाचा नातलग? माशांच्या वर्गीकरणाचा विषाशी असलेला संबंध

सिंगापूर : चांगी आणि आसपासच्या उत्तर किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी समुद्री गवताचे व चिखलवाळूचे पट्टे उघडे पडतात. तेथे फिरणाऱ्यांना घोटे झाकणारी, जाड तळव्यांची पादत्राणे घालण्याचा सल्ला आवर्जून दिला जातो. त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे स्टोनफिश, शास्त्रीय नाव सिनान्सिया हॉरिडा. शेवाळलेल्या दगडासारखा दिसणारा हा मासा संकटाची चाहूल लागली तरी सहसा जागचा हलत नाही. त्याच्या पाठीवर १३ काटे असतात आणि प्रत्येक काट्याच्या दोन्ही बाजूंना विषग्रंथी असतात. पाय पडताच दाबाने विष जखमेत उतरते आणि असह्य वेदना सुरू होतात.

या माशाचे नातलग कोण, हा प्रश्न वरवर पाहता संग्रहालयातील बरण्यांपुरता वाटतो. प्रत्यक्षात गेली सुमारे दोन शतके मत्स्यशास्त्रज्ञ त्याच्या उत्तरात दुरुस्त्या करीत आले आहेत आणि त्या उत्तराचा संबंध रुग्णालयातील उपचारांपर्यंत पोहोचतो.

गालावरच्या एका हाडाची कथा

फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये ‘चिलखती गालांचे मासे’ असा एक समूह मांडला. या माशांच्या डोळ्याखालील एक हाड गालावरून मागे वाढत कल्ल्यांच्या झाकणाकडील हाडापर्यंत जाते. या एका खुणेच्या आधारे पुढे ‘स्कॉर्पिनिफॉर्मिस’ हा गण उभा राहिला. उष्ण समुद्रातील स्टोनफिश, लायनफिश आणि चपट्या डोक्याचे फ्लॅटहेड त्यात आले, तसेच उत्तर गोलार्धातील थंड समुद्रांत, नद्यांत आणि बैकल सरोवरात राहणारे स्कल्पिनही आले. या गणात सुमारे दीड हजार जाती गणल्या जाऊ लागल्या.

बाह्य साम्यामुळे होणारी गल्लत त्याहूनही जुनी आहे. भारताच्या किनाऱ्यावर आणि सिंगापूरच्या परिसरातही आढळणाऱ्या एका खरखरीत फ्लॅटहेडला लिनियसने १७५८ मध्ये ‘कॉटस स्केबर’ हे नाव दिले होते. कॉटस ही वस्तुतः स्कल्पिनची प्रजाती. उष्ण कटिबंधातील मासा केवळ रुंद डोके आणि काटेरी गाल यांमुळे शीतप्रदेशीयांच्या घरात जाऊन बसला. आज तो ‘ग्रामोप्लायटिस स्केबर’ या नावाने ओळखला जातो. मलय भाषेत फ्लॅटहेडला ‘बाजी-बाजी’ म्हणतात. ‘बाजी’ म्हणजे पाचर. आकारावरून पडलेले हे बोलीतील नाव नात्याविषयी कोणताही दावा करीत नाही, त्यामुळे ते चुकतही नाही.

डीएनएने केलेली फेरमांडणी

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून डीएनएच्या तुलनेने या मांडणीला धक्का दिला. स्कल्पिनचे निकटचे नातलग स्टोनफिश नसून स्टिकलबॅक आणि ईलपाउट यांसारखे मासे आहेत, असे दिसून आले. स्टिकलबॅक पूर्वी समुद्रघोड्यांसोबत वेगळ्याच गणात ठेवले जात. गालावरचे हाड ही नात्याची पुरेशी साक्ष नव्हती.

२०१४ मध्ये स्कल्पिनचीही अंतर्गत फेरमांडणी झाली. बहुतेक सागरी स्कल्पिन जुन्या कुलातून काढून ब्लॉबफिशच्या कुलात घालण्यात आले. मूळ कुलात प्रामुख्याने गोड्या पाण्यातील जाती उरल्या. आठ किलोमीटरहून अधिक खोलीवर चित्रित झालेले स्नेलफिश हेही याच शाखेचे आप्त होत.

स्टोनफिशच्या बाजूने नवा पुरावा २०१८ मध्ये पुढे आला. डोळ्याखालील हाडाला असलेला काटा तलवारीप्रमाणे बाहेर काढून तो तसाच अडकवून ठेवण्याची यंत्रणा या माशांत असल्याचे अमेरिकन संशोधकांनी दाखविले. स्टोनफिश आणि त्याच्या जवळच्या अनेक कुलांना ही खूण एकत्र बांधते. त्या आधारे ही सर्व कुले एकाच कुलात विलीन करण्याचा प्रस्ताव मांडला गेला.

गणाच्या पातळीवर मात्र एकमत नाही. काही शास्त्रज्ञ स्कॉर्पिनिफॉर्मिस हा गण नव्या सीमांसह कायम ठेवतात, तर काही ही सारी मंडळी पर्सिफॉर्मिस या विशाल गणात सामावून घेतात. म्हणूनच एकच मासा दोन प्रमाण ग्रंथांत दोन वेगळ्या गणांत सापडू शकतो.

नाव, नाते आणि औषध

या वादाचे व्यावहारिक महत्त्व विषाच्या अभ्यासात दिसते. विषारी माशांच्या जाती सुमारे २०० असाव्यात, असा जुना अंदाज होता. २००६ मध्ये वंशवृक्षाच्या आधारे कोणत्या नातलगांत विषग्रंथी असू शकतील याचा शोध घेतला गेला आणि ही संख्या १,२०० हून अधिक असल्याचे निष्पन्न झाले. वंशवृक्ष बिनचूक असेल, तर विष कोठे शोधायचे हे तो सांगू शकतो.

सिंगापूरचे या क्षेत्रातील योगदान एका प्रथिनाच्या नावातच कोरलेले आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या आरंभी स्टोनफिशच्या विषातील प्राणघातक प्रथिन वेगळे करण्यात आले. त्याचे ‘स्टोनसटॉक्सिन’ हे नाव स्टोनफिश आणि विद्यापीठाची इंग्रजी आद्याक्षरे यांच्या संयोगातून घडले. प्रतिविष त्याआधीच, १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियात विकसित झाले होते. त्यासाठी वापरलेल्या माशाचे नाव वैद्यकीय लेखनात ‘सिनान्सिया ट्रॅकिनिस’ असे येते, मात्र मत्स्यशास्त्रज्ञ ट्रॅकिनिस आणि हॉरिडा ही एकाच जातीची दोन नावे मानतात. हे ठाऊक नसेल, तर सिंगापूरच्या माशाचे विष आणि ऑस्ट्रेलियाचे प्रतिविष यांचा संबंधच लागणार नाही. हे प्रतिविष लायनफिशच्या विषाचे परिणामही रोखते, असे प्रयोगांत आढळले आहे. दोन्ही माशांचे नाते पाहता हा निष्कर्ष अनपेक्षित नाही.

उलटपक्षी, बोलीतील नाव घात करू शकते. कॅलिफोर्नियातील मासेमार ज्याला ‘स्कल्पिन’ म्हणतात, तो प्रत्यक्षात विषारी काट्यांचा स्कॉर्पिअनफिश आहे. खरे स्कल्पिन काटेरी असले तरी विषारी म्हणून ओळखले जात नाहीत. सिएटलच्या किनाऱ्यावर निर्धास्तपणे हाताळलेल्या ‘स्कल्पिन’चा अनुभव सॅन डिएगोत उपयोगी पडेलच असे नाही.

स्टोनफिशचा काटा लागल्यास जखमेचा भाग भाजणार नाही इतपत गरम, साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात बुडवून ठेवणे आणि विनाविलंब रुग्णालय गाठणे, हाच प्रथमोपचार मानला जातो. वेदना शमविण्यास ही उष्णता मदत करते. हे विष प्रथिनांचे असल्याने तीव्र उष्णतेने त्याचे स्वरूप बिघडते, म्हणूनच नीट साफ करून शिजविलेला स्टोनफिश चिनी पद्धतीच्या भोजनात निर्धोकपणे वाढला जातो. किनाऱ्यावर मात्र डॉक्टरांना माशाचे छायाचित्र वा अचूक वर्णन देता आले, तर उपचारांची दिशा लवकर ठरते.