न पाहिलेल्या पृथ्वीचा ठाव

पृथ्वीच्या पोटात काय आहे, हे भरवशानं सांगता येऊ लागलं त्याला जेमतेम सव्वाशे वर्षं झाली. त्याआधी हाती एकच पक्कं माप होतं. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साधारण साडेपाच पट असल्याचं दाखवून दिलं होतं. पायाखालचा नेहमीचा खडक पाण्याच्या पावणेतीन पटच भरतो. तेव्हा आत कुठेतरी फार जड ऐवज असणार हे उघड होतं, तो लोखंडाचा असावा असा कयासही होता. पण तो किती खोल आहे, घट्ट आहे की वितळलेला, हे तपासायला साधन नव्हतं.

साधन मिळालं ते भलतंच काही शोधताना. एप्रिल १८८९मध्ये जर्मनीत पॉट्सडॅमला एर्न्स्ट फॉन रेबॉय-पाश्विट्झ हे अतिशय नाजूक लंबकाचं यंत्र चालवत होते. चंद्र-सूर्याच्या ओढीनं जमीन किती कलते, हे त्यांना मोजायचं होतं. १७ तारखेच्या नोंदीत एक विचित्र हेलकावा उमटला. पुढे जपानमधल्या भूकंपाची बातमी त्यांच्या वाचनात आली आणि वेळांचा मेळ बसला. टोकियोचा धक्का पृथ्वीतून वाट काढत जर्मनीपर्यंत पोचला होता! रेबॉय-पाश्विट्झ क्षयानं ऐन चौतिशीत गेले. जगभर अशी यंत्रं बसवून नोंदी एकत्र कराव्यात, हा त्यांचा आग्रह मात्र मागे राहिला, आणि पुढचं बहुतेक सगळं त्या आग्रहाच्या बळावर झालं.

१२ जून १८९७च्या संध्याकाळी आसामात प्रचंड भूकंप झाला. शिलाँगमधली दगडी बांधकामं पार जमीनदोस्त झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा तपास केला. भूकंपाचा अभ्यास त्यांच्या घरातच होता. वडील थॉमस ओल्डहॅम हे याच संस्थेचे पहिले प्रमुख, आणि १८६९च्या काचारच्या भूकंपावरचा वडिलांचा अहवाल मुलानंच पुढे प्रसिद्ध केला होता. आसामच्या तपासात पडझडीच्या आणि भेगांच्या नोंदी तर आल्याच, पण ओल्डहॅम तिथे थांबले नाहीत. दूर इटलीतल्या यंत्रांवर हाच भूकंप कसा उमटला, हे त्यांनी पाहिलं. तिथे एक धक्का नव्हे, तीन टप्पे दिसत होते: आधी वेगवान प्राथमिक लहरी, मागून दुय्यम लहरी आणि शेवटी पृष्ठभागावरून रेंगाळत आलेल्या लहरी. पहिल्या दोन पृथ्वीच्या आतून आल्या होत्या, म्हणजे आतली खबर घेऊनच आल्या होत्या.

१९०६ साली ओल्डहॅम यांनी बऱ्याच भूकंपांच्या वेळा मांडून पाहिल्या. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला लहरी हिशेबापेक्षा उशिरा पोचत होत्या. मध्यभागी त्यांना अडखळवणारा वेगळाच गाभा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गाभ्याचा आकार त्यांनी खऱ्यापेक्षा लहान धरला, पण गाभा आहे हे लहरींच्या पुराव्यानिशी मांडलं ते त्यांनीच. भारतातल्या एका संकटाच्या अभ्यासातून ही वाट निघाली, याची आठवण आपल्याकडे फारच कमी ठेवली जाते, याचं मला वाईट वाटतं.

पुढची पावलं भराभर पडली. झाग्रेबजवळच्या १९०९च्या भूकंपावरून आंद्रिया मोहोरोविचिच यांना भूकवचाचा तळ सापडला. शाळेच्या भूगोलातली मोहो विलगता ती हीच. बेनो गटेनबर्ग यांनी भूकवचाखालचं प्रावरण संपून गाभा सुरू होतो ती सीमा २,९०० किलोमीटर खोलीवर ठरवली. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि गाभ्यातूनही जाताना दिसत नव्हत्या. १९२६ साली हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी भरती-ओहोटीच्या ताणाचा हिशेब मांडून गाभा द्रवच असला पाहिजे, असं दाखवलं. प्रश्न मिटल्यासारखा वाटला.

तो मिटू दिला नाही इंगे लेमन यांनी. कोपनहेगनच्या या गणिती बाई डेन्मार्कची भूकंपमापन केंद्रं सांभाळत. द्रव गाभ्यामुळे भूकंपापासून ठरावीक अंतरावर एक छायापट्टा पडायला हवा, तिथे प्राथमिक लहरी सरळ पोचायला नकोत. पण १९२९च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या लहरी अशा पट्ट्यातल्या केंद्रांवरही क्षीणपणे उमटल्या होत्या. कडेवरून वळून आल्या असतील, असं म्हणून इतरांनी विषय सोडला होता. लेमन यांच्या नातलगानं एक आठवण सांगितली आहे: उन्हाळ्यातल्या एका रविवारी त्या बागेत मोठं टेबल मांडून बसल्या होत्या. टेबलभर ओटची पुठ्ठ्याची खोकी, आणि खोक्यांत कार्डं. कार्डांवर भूकंप आणि जगभर ते केव्हा केव्हा नोंदले गेले त्या वेळा. संगणक नव्हता; होती ती ही कार्डं आणि ती तपासण्याची चिकाटी. १९३६ साली त्यांनी मांडलं, की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि त्या लहरी त्याच्यावरून उलटून येतात. त्याची त्रिज्या आज सुमारे १,२२० किलोमीटर धरतात. तो घन असल्याची खात्री १९७१ साली झाली. मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी काही काळ मंदपणे कंप पावत राहते, त्या कंपनांच्या मोजणीतून हे सिद्ध झालं. लेमन १०४ वर्षं जगल्या, त्यामुळे हेही त्यांना पाहायला मिळालं.

१९६०च्या दशकात अमेरिकेनं भूमिगत अणुचाचण्या पकडण्यासाठी जगभर एकाच जातीची भूकंपमापकं बसवली. पुण्याचं केंद्रही त्या जाळ्यात होतं. हेतू लष्करी, पण फायदा विज्ञानाचा झाला.

खणूनही पाहिलं गेलं. रशियात कोला इथलं विवर १९७० साली सुरू झालं आणि १९८९मध्ये १२,२६२ मीटरवर पोचलं. तळाशी १८० अंश सेल्सिअस तापमान, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. पुढे सरकणं अशक्य झालं. ही खोली पृथ्वीच्या त्रिज्येच्या एक टक्क्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. तरी विवरानं एक ठाम समजूत मोडली: ग्रॅनाइटखाली बेसॉल्टचा थर लागेल असं वाटत होतं, तो लागलाच नाही.

आपल्याकडे अनुभव नेमका उलटा. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तिथे जमिनीत काय घडतं ते जवळून कळावं म्हणून गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर घेतलं, आणि संशोधनाचं केंद्र कऱ्हाडला उभं राहिलं. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट सुमारे सव्वा किलोमीटर लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी पाषाण. कोल्यात न सापडलेला बेसॉल्ट इथे वर होता, ग्रॅनाइट खाली! गाभ्याबद्दल यातून काही कळणार नाही, हे खरं. पण ज्या कवचावर कोयनेचं धरण उभं आहे, ते हातात धरून पाहता आलं, आणि माझ्या मते एवढ्यासाठीही तो खर्च योग्यच आहे.

गाभ्यात मुख्यतः लोखंड आणि थोडं निकेल आहे, यावर आज एकमत आहे. पण १९५२ सालीच फ्रान्सिस बर्च यांनी दाखवलं होतं, की तेवढ्या दाबाखालच्या शुद्ध लोखंडापेक्षा बाह्य गाभा हलका भरतो. म्हणजे त्यात काहीतरी हलकं मिसळलेलं आहे. गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन असे दावेदार आहेत, प्रयोगशाळांत हिऱ्यांच्या टोकांमध्ये लोखंड दाबून एकेकाची परीक्षा चालू आहे. २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पृथ्वीच्या आरपार पाच-पाच वेळा ये-जा केलेल्या लहरी शोधून काढल्या आणि अंतर्गाभ्याच्याही आत सुमारे ६५० किलोमीटर त्रिज्येचा वेगळा भाग असल्याचा पुरावा मांडला. हे जमलं ते अनेक ठिकाणच्या दाट जाळ्यांतल्या नोंदी एकावर एक रचल्यामुळे. त्या हलक्या मूलद्रव्यांबाबतचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.