लाखोळीचं पहिलं पाणी

ऑक्टोबर सरत आला की भंडारा जिल्ह्यातल्या बांध्यांत धान लोंबीवर असतं आणि पायाखालची माती अजून ओली असते. त्या उभ्या धानात शेतकरी लाखोळी फोकत जातो. नांगरणी नाही, खताचा खर्च नाही. धान कापून होईस्तोवर रोपं वर आलेली असतात आणि पुढे उरलेल्या ओलीवर, दवावर निळी फुलं धरतात. पाणी साचलं तरी तगतं, आटलं तरी तगतं, असं हे कडधान्य. या पेरणीला उतेरा म्हणतात.

याच दाण्यात ओडॅप नावाचं अमायनो आम्ल असतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सरमा यांनी 1964 साली ते वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं. शरीर त्यापासून प्रथिनं बांधत नाही. त्याचा उपद्रव वेगळाच. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवायला ग्लुटामेट वापरतात, आणि ओडॅप त्या ग्लुटामेटचा तोतया. त्याच्या जागी बसून ते पेशीला नको तितकं चेतवत राहतं. आत कॅल्शियम साचत जातं आणि पेशी मरते. मार बसतो तो पाय हलवणाऱ्या लांब चेतातंतूंना. आधी पोटऱ्यांत गोळे येतात, मग गुडघे ताठतात आणि माणूस चवड्यांवर, पायात पाय अडकवत, काठीच्या आधाराने चालू लागतो. वेदनेची खबर मज्जारज्जूतून वर जाते तीही ग्लुटामेटच्याच मदतीने. तरी ती वाट बहुतेक वाचते. पायाला टाचणी टोचली तर कळते. पाय मात्र ऐकत नाही.

रांधणाऱ्या बायकांना ओडॅप हे नाव ठाऊक नसेल, पण ते पाण्यात विरघळतं हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. चुलीवरचं कढत पाणी डाळीवर ओतायचं, झाकून ठेवायचं, पाणी पिवळसर झालं की निथळून टाकायचं आणि पुन्हा धुवायचं. ‘‘पयलं पानी फेकल्याबिगर वडे कराचे नाही, भाऊ,’’ एका घरी मला बजावलं गेलं. मग वाटण, लसूण, मिरची, आणि कढईत वडे. असे वडे भातासोबत खाऊन कोणी लुळं पडत नाही. तांदळातली गंधकयुक्त अमायनो आम्लं लाखोळीत कमी असतात; ताटात दोन्ही असली की धोका घटतो.

मग माणसं पांगळी झाली कुठे? मध्य प्रदेशात रीवाकडे, जिथे वेठबिगारांना मजुरीच लाखोळीत मिळे आणि महिनोन्‌महिने दुसरं अन्न नसे. दोष दाण्यात आहेच, पण मला तो मजुरीत अधिक दिसतो. 1961 पासून विक्रीवर बंदी आली. पीक थांबलं नाही, डाळ तुरीत आणि बेसनात मिसळून चोरवाटेने विकली गेली. महाराष्ट्राने 2008 साली बंदी उठवली. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ असे कमी ओडॅपचे वाण काढले आहेत. उतेऱ्याच्या हंगामाआधी ते बियाणं गावात पोचवणं, हे बंदीपेक्षा कितीतरी उपयोगाचं काम आहे.

तोवर घरात लाखोळी असेल तर पहिलं पाणी फेका, आणि तिच्या एकटीवर महिने काढू नका. पोटऱ्यांत गोळे येऊन गुडघे ताठू लागले तर त्याच दिवशी डाळ बंद करून डॉक्टरकडे जा. एकदा गेलेली चाल कोणत्याही औषधाने परत येत नाही.