दुधावरचा आळ

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा बोनसची किंवा कंत्राटी कामगारांची असावी. आम्ही तान्ह्या मुलाच्या दुधाचे नाव काढले तेव्हा ते क्षणभर गप्पच बसले. यंत्रमाग कामगारांत तीस वर्षे हिंडलेला, सातवीत शाळा सुटलेला माणूस वैद्यकावर काय बोलणार, ही शंका रास्तच होती. आम्ही वैद्य नव्हे. परंतु संशयावरून एखाद्याला कामावरून दूर करावे आणि चौकशी मात्र कधीच लावू नये, हा प्रकार आम्हांस चांगला परिचयाचा आहे. आणि तोच प्रकार आमच्या घरात दुधाच्या बाबतीत घडला. त्या निमित्ताने जे वाचले, जे जाणत्यांना विचारून घेतले, ते येथे मांडतो.

आमची मुलगी शिवणकामाच्या कारखान्यात कामाला आहे. मूल चार महिन्यांचे झाले तेव्हा तिला कामावर हजर होणे भाग पडले, म्हणून अंगावरच्या दुधाबरोबर डब्याचे दूध सुरू झाले. दहा-बारा दिवसांत बाळाला पातळ शी होऊ लागली आणि एके सकाळी तीत रक्ताचा धागा दिसला. ज्यांना दाखवले त्या डॉक्टरांनी पाहिले, विचारले आणि कागदावर लिहून दिले : 'दूध बंद'. दुसऱ्या एका डब्याचे नाव लिहिले. त्या डब्यातल्या दुधाची प्रथिने आधीच बारीक तोडलेली असतात आणि एका डब्याला आमच्या कामगाराची तीन दिवसांची मजुरी पडते. आठवड्यात शी सुधारली. सगळ्यांना हायसे वाटले आणि त्या दोन शब्दांवर आमच्या घराने साडेसहा महिने काढले. मुलीने स्वतःचेही दूध, दही, ताक सोडले. तिचे वजन उतरले. विहीणबाई म्हणत, दुधावाचून पोर वाढायचे कसे? आमच्याकडे कोल्हापूरच्या बाजूला हा प्रश्न साहजिकच येतो. जेथे गंगावेशीत उभे राहून म्हशीचे धारोष्ण दूध पिणे हा मर्दानीपणा समजला जातो, तेथे दूध न पिणारे मूल म्हणजे घराला कमीपणाच. पण बंद केलेले दूध पुन्हा सुरू केव्हा करायचे, हा प्रश्न ना डॉक्टरांनी काढला ना आम्ही विचारला.

आता हे वावडे म्हणजे काय ते पाहू. अ‍ॅलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. शरीराच्या रक्षणासाठी जी यंत्रणा आहे तिने निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजून तिच्यावर धावून जावे, हा त्यातला मुद्दा. दुधात ती वस्तू म्हणजे प्रथिन. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन, म्हणजे ज्याचे पनीर होते ते, आणि उरलेली निवळीतली. येथे एक घोटाळा नेहमी होतो. दुधातली साखर, जिला लॅक्टोज म्हणतात, ती न पचणे ही निराळी गोष्ट आहे. मोठ्या माणसांत ती पुष्कळ आढळते. तान्ह्या मुलांत जन्मजात स्वरूपात ती फार विरळा. आईच्या दुधात ही साखर गाईच्या दुधाहून जास्तच असते, सुमारे ७ टक्के. तेव्हा लॅक्टोज काढून टाकलेल्या दुधाने प्रथिनाचे वावडे टळत नाही, कारण प्रथिन त्यात जसेच्या तसे असते. शेळीच्या दुधाचेही तेच. गाईचे सोसत नाही अशा बहुतेक मुलांना शेळीचेही सोसत नाही, कारण दोहोंची प्रथिने सख्ख्या बहिणी आहेत. म्हशीच्या दुधावरही त्यासाठी भिस्त ठेवता येत नाही.

वावडे दोन जातींचे असते आणि पुढचे सगळे या भेदावर अवलंबून आहे. पहिली जात तत्काळची. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, क्वचित श्वास कोंडतो. याचे मूळ रक्तातल्या आयजीई नावाच्या द्रव्यात आहे. ते १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. दुसरी जात सावकाशीची. तिच्यात काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी शीतून रक्त, जुलाब, उलट्या, इसब असा त्रास दिसतो. पहिलीसाठी त्वचेवरची किंवा रक्ताची तपासणी उपयोगी पडते. तीही एकटी निर्णायक नव्हे, कारण तपासणी होकारार्थी असूनही दूध बिनतक्रार पिणारी मुले असतात. दुसरीसाठी अशी भरवशाची तपासणीच नाही. तेथे एकच मार्ग : दूध दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करावे, त्रास थांबतो का पाहावे आणि मग दूध पुन्हा देऊन त्रास परततो का ते पाहावे.

हा शेवटचा भाग लोक गाळतात. का गाळतात हे समजण्यासारखे आहे. मूल बरे झाले, हसू-खेळू लागले, आता मुद्दाम कशाला विषाची परीक्षा घ्या? परंतु तान्ह्या मुलांच्या तक्रारी पुष्कळदा काळानेच मिटतात. शीतला रक्ताचा धागाही अनेक मुलांत काही न करता नाहीसा होतो. दूध बंद केल्यावर तो थांबला म्हणून तो दुधामुळेच होता असे ठरत नाही. युरोपातील ९ देशांत १२ हजारांवर मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवून एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात ३५८ मुलांविषयी दुधाच्या वावड्याचा संशय आला. रीतसर दूध देऊन चाचणी केल्यावर ५५ मुलांत ते शाबीत झाले. आमच्या तीस वर्षांच्या कामात आरोपपत्रांपैकी इतकी थोडी टिकल्याची उदाहरणे आम्हांस आठवतात. पण तेथे निदान चौकशी तरी होते, भांडून का होईना.

चौकशी न होण्यात कोणाचा तरी लाभ असतो, हेही आम्हांस अनुभवाने ठाऊक. इंग्लंडमध्ये अशा खास डब्यांच्या दुधाच्या चिठ्ठ्या २००६ साली वर्षाला सुमारे १ लाख ५ हजार होत्या; २०१६ साली त्या ६ लाखांवर गेल्या आणि सरकारी खर्च ८१ लाख पौंडांवरून ६ कोटींच्या पुढे गेला. तेवढ्या प्रमाणात वावडे वाढल्याचा पुरावा मात्र नव्हता. हे आकडे २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापले आणि डबे करणाऱ्या कंपन्यांचे डॉक्टरांशी असलेले संबंधही त्यात मांडले. आपल्याकडे १९९२चा कायदा आहे. २००३ साली तो आणखी कडक झाला. त्याने डब्याच्या दुधाची जाहिरात आणि फुकट नमुने वाटणे बंद केले आहे. ज्यांना खरोखर वावडे आहे त्यांना हा डबा संजीवनीच आहे, त्याविषयी आमचा वाद नाही. ज्यांना तो विनाकारण सहा-सहा महिने घ्यावा लागतो त्यांच्याविषयी आम्ही बोलत आहोत. आणि ज्यांना तो परवडत नाही ते काय करतात? भाताची पेज आणि साखरपाणी. आमच्या वस्तीत आम्ही ते पाहिले आहे. त्यात मूल सुकते. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे हे खरे, सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज जरूर द्यावी. पण तिने आईच्या किंवा डब्याच्या दुधाची जागा भरत नाही.

मूल अकरा महिन्यांचे झाले तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे जाण्याचा योग आला. त्यांनी जुना कागद वाचला आणि विचारले, "त्यानंतर एकदा तरी दूध देऊन पाहिलेत का?" आमच्या मुलीने मान खाली घातली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी प्रथम त्वचेची तपासणी केली. आम्ही विचारले, सावकाशीचे वावडे असेल तर हिचा उपयोग काय? त्या म्हणाल्या, "बरेच महिने दूध तोडलेल्या मुलांत, विशेषतः इसब असलेल्यांत, क्वचित तत्काळचे वावडे मागून उपजते. ते नाही ना, एवढे पाहून मगच घरी परवानगी देते." तपासणी नकारार्थी आली. पहिला आठवडा मुलीने स्वतः दूध-दही खाल्ले आणि अंगावर पाजणे चालूच ठेवले. काही झाले नाही. मग बाळाची पाळी. रोजच्या पहिल्या बाटलीत, खास डब्याच्या दुधात साध्या डब्याचे दूध मिसळायचे : पहिल्या दिवशी ३० मिलिलिटर, दुसऱ्या दिवशी ६०, असे रोज ३० वाढवीत सातव्या दिवशी २१०. त्या काळात सर्दी-ताप असता कामा नये, नवे औषध नको, दुसरा नवा पदार्थ नको. नाहीतर कोणाचा दोष कोणाच्या माथी बसेल. शी, झोप, अंग, उलटी यांची वही ठेवायची. त्रास दिसला की थांबायचे आणि कळवायचे. ती वही आम्ही लिहीत होतो. युनियनच्या हजेरीवह्याही आम्ही इतक्या काळजीने लिहिल्या नसतील.

सात दिवस गेले, आणखी पंधरा गेले. काही झाले नाही. सातवा दिवस उलटला तसे साधे दूध सगळ्या बाटल्यांत आले होते. बाजारातला तो डबा कपाटात अर्धा राहिला. बाळाला प्रथमपासूनच वावडे नव्हते की होते आणि मधल्या काळात गेले, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. चार आठवड्यांनी पाहिले असते तर कळले असते.

ज्यांचे वावडे चाचणीने पक्के ठरते त्यांची वाट वेगळी. त्यांनी साधारण ९ ते १२ महिन्यांचे वय होईपर्यंत, निदान सहा महिने तरी, दूध टाळावे आणि मग पुन्हा पाहावे. त्या युरोपच्या पाहणीत निदानानंतर वर्षाने पुन्हा तपासलेल्या ३२ मुलांपैकी २२ जणांना दूध सोसू लागले होते. सावकाशीच्या जातीची तर सगळीच त्यांत होती. सौम्य, सावकाशीच्या वावड्यासाठी ब्रिटनमध्ये एक शिडी तयार केली आहे. २०१७ साली सुधारलेल्या तिच्या पायऱ्या सहा : बिस्किट, मफिन म्हणजे छोटा केक, पॅनकेक, चीज, दही आणि शेवटी दूध. तत्त्व असे की भट्टीच्या आचेने आणि गव्हाच्या पिठात बांधले गेल्याने दुधातल्या प्रथिनांचे रूप पालटते आणि शरीर त्यांना ओळखत नाही. दूध न सोसणाऱ्या मुलांपैकी बरीच अशा भाजलेल्या रूपात ते सोसतात. पहिल्या पायरीवर बिस्किटाचा एक लहानसा तुकडा. जमले तर वर, न जमले तर एक पायरी खाली. आपल्याकडे कोणी म्हणेल, आम्ही दूध चांगले उकळून देतो, मग झाले. तसे नाही. केसीन उकळण्याला दाद देत नाही. दशमीसुद्धा दुधात भिजवलेली असली तरी तव्यावर चार-पाच मिनिटांत होते, तेव्हा तिला भट्टीतल्या बिस्किटाच्या जागी धरू नये. ती वरच्या पायरीची. साजूक तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो. पाकिटावर आता दुधाचा उल्लेख करावाच लागतो, तो वाचावा. वाचता येत नसेल तर दुकानदाराला वाचायला लावावे.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो, कारण आमची हकीकत ऐकून कोणी उद्याच घरी प्रयोग मांडील. ज्या मुलाला दुधाने पूर्वी गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, किंवा दूध घेतल्यावर एक ते चार तासांत पुन्हा पुन्हा उलट्या होऊन मूल पांढरे पडून मलूल झाले, त्याला घरी दूध देऊन पाहायचे नाही, शिडीही नाही. दमा असलेल्या मुलाचेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्यांची चाचणी रुग्णालयात, अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून, थेंबाथेंबाने होते. श्वास कोंडला किंवा मूल गळून गेले तर १०८ला फोन करावा, वहीत नोंद करीत बसू नये.

आमच्या आळीत अशी एक मुलगी आहे, वय तीन. दुधातला शिरा खाल्ल्यावर दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले होते. तिची चाचणी गेल्या वर्षी रुग्णालयात झाली. तिसऱ्या मात्रेला अंगावर गांधी उठल्या, तेथेच थांबवले, औषध दिले, संध्याकाळी घरी सोडले. तिच्या आईला वाटले, सगळे फुकट गेले. तसे आम्हांस वाटत नाही. तिच्या दुधावरचा आळ खरा ठरला, आता अंगणवाडीच्या ताईंना, शेजारणींना, लग्नकार्यात वाढणाऱ्यांना सांगायला तिच्याजवळ पुरावा आहे, आणि डब्याच्या पैशाविषयी नवऱ्याशी तिचे भांडण थांबले. पुढची चाचणी दिवाळीनंतर आहे.