लाच आणि लिंगभेद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : भ्रष्टाचाराची झळ स्त्री-पुरुषांना सारखीच लागते.
वस्तुस्थिती : लाच मागणाऱ्याशी कोणाची गाठ पडते, हे घरातल्या कामांच्या वाटणीवर ठरते. रेशन, पाणी, दवाखाना ही कामे बहुधा बायकांच्या वाट्याला येतात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि औषधे मोफत आहेत. तरीही काही ठिकाणी बाळ हातात देण्याआधी पैसे मागितले जातात. मुलगा झाला तर जास्त. बाळंतिणीला त्या वेळी उठून दुसरीकडे जाता येत नाही, आणि तिची हीच अडचण मागणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

गैरसमज : लाच म्हणजे पैसाच.
वस्तुस्थिती : भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये लाचेचा अर्थ पैशापुरता मर्यादित नाही. सरकारी कामाच्या बदल्यात शरीरसुख मागणे हीसुद्धा लाचच. तपासाची रूढ पद्धत मात्र नोटांभोवती उभी आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात पंचांसमक्ष नोटांना अँथ्रासिन पावडर लावतात. नोटा घेणाऱ्याचे हात अतिनील दिव्याखाली चमकतात. शरीरसुखाच्या मागणीत हा पुरावा मिळूच शकत नाही. तिथे ध्वनिमुद्रण, मोबाइलवरचे संदेश आणि साक्ष यांवरच भिस्त असते.

गैरसमज : नाइलाजाने लाच दिली, तर तक्रार करणारीच अडकते.
वस्तुस्थिती : भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमातल्या २०१८ च्या दुरुस्तीनुसार बळजबरीने लाच द्यावी लागलेल्या व्यक्तीने सात दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर तिच्यावर लाच दिल्याचा गुन्हा लागत नाही. पण बदनामीच्या धास्तीने गप्प बसलेल्या बाईचे हे सात दिवस सहज निघून जातात.

गैरसमज : बायका मुळातच प्रामाणिक, त्या सत्तेवर आल्या की भ्रष्टाचार संपतो.
वस्तुस्थिती : संसदेत स्त्रिया जास्त असलेल्या देशांत भ्रष्टाचार कमी आढळतो, पण त्यांतल्या अनेक देशांत न्यायालये आणि वृत्तपत्रेही स्वतंत्र असतात. सारे श्रेय स्वभावाला देता येत नाही. भारतातल्या ग्रामपंचायतींचा अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि पेटिया टोपालोवा यांनी २००४ मध्ये मांडलेला अभ्यास आणखी बोलका आहे. सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असलेल्या गावांत लाच कमी द्यावी लागत होती, तरी गावकरी कारभारावर कमी समाधानी होते.

महाराष्ट्रात लाचेची तक्रार १०६४ या टोल फ्री क्रमांकावर करता येते. ती ऐकून घेणारी स्त्री अधिकारी आणि नाव गुप्त राहण्याची खात्री मिळाली, तरच हा क्रमांक बाईच्या खऱ्या उपयोगाचा ठरेल.