मगरी मोजायच्या की माणसं? नदीकाठच्या धोक्याचा अभ्यास कसा मांडायचा



मागच्या आठवड्यात लातूरहून एका ज्युनिअरचा फोन आला. पेट पास झालाय, आता सिनॉप्सिस लिहितोय. विषय घेतलाय ‘नदीकाठच्या पर्यटनस्थळी मगरींचा धोका आणि व्यवस्थापन’. विषय चांगलाच आहे. मी विचारलं, पहिलं उद्दिष्ट काय लिहिलंस? म्हणाला, “मगरींची संख्या मोजणे.” आणि दुसरं? “मगरी सुरक्षित स्थळी हलवण्याचे उपाय सुचवणे.” मी म्हटलं, “अरे, पण यात माणसं कुठं आहेत?”

त्याला हसू नका. पहिल्या वर्षी मीही असाच कच्चा आराखडा घेऊन सरांकडे गेलो होतो. प्राणीशास्त्राच्या विद्यार्थ्याला आधी प्राणीच दिसतो. पण धोका हा प्राण्याचा गुणधर्म नसतो. प्राणी आणि माणूस एका जागी, एका वेळी येतात, तेव्हा धोका तयार होतो. आजच्या लेखात हे एकच समजून घेऊ, कारण सिनॉप्सिसपासून व्हायवापर्यंत सगळं यावर उभं राहतं.

आधी प्राणी नीट ओळखू

इंग्रजी बातम्यांत ‘अ‍ॅलिगेटर’ वाचून तो शब्द आपल्या नदीला चिकटवू नका. अ‍ॅलिगेटर जगात दोनच जातींचा, एक अमेरिकेत आणि एक चीनमध्ये. भारतात तीन जाती आहेत: गोड्या पाण्यातली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि लांब निमुळत्या तोंडाची घडियाल. बोलताना आपण मगर आणि सुसर हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. प्रबंधात तसं चालणार नाही. महाराष्ट्रातल्या नद्यांमध्ये जी दिसते ती गोड्या पाण्यातली, शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती येते. म्हणजे गावकऱ्यांनी किंवा हॉटेलवाल्यांनी परस्पर पकडून दुसरीकडं सोडली, तर तो गुन्हा आहे.

“आपल्या मराठवाड्यात कुठं मगरी?” असं कुणी विचारेल. आपली मांजरा बीड, लातूर करत पुढं तेलंगणात जाते. तिथं संगारेड्डी जिल्ह्यात याच नदीवर मांजिरा अभयारण्य आहे आणि ते मगरींसाठीच ओळखलं जातं. दुसरी आठवण २०१६ ची. लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. ते पाणी मिरजेहून आलं होतं, कृष्णेचं. आणि महाराष्ट्रात माणूस आणि मगर यांचा संघर्ष म्हटलं की पहिलं नाव येतं ते याच कृष्णेचं, सांगली परिसरातलं.

धोक्याचे तीन भाग

आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकांत धोका तीन भागांत मोडतात. तोच साचा इथं वापरू.

पहिला भाग हॅझर्ड. म्हणजे इजा करू शकणारी गोष्ट. इथं मगर, तिचा आकार, तिचा विणीचा हंगाम.

दुसरा एक्स्पोजर. म्हणजे किती माणसं, किती वेळ, पाण्याच्या किती जवळ, काय करत असतात.

तिसरा व्हल्नरॅबिलिटी. म्हणजे तीच मगर समोर आली तर कुणाला जास्त इजा होईल. लहान मूल, एकटी कपडे धुणारी बाई, अंधारात नदीत उतरलेला शेतकरी.

आता सांगलीकडं बघा. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज ही गावं मगरीच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरतं, डोह तेवढे उरतात. मगरी डोहात गोळा होतात. त्याच दिवसांत शेतीपंपाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, म्हणून शेतकरी पाण्यात आत उतरतो. शाळेला सुट्टी लागलेली असते, पोरं पोहायला येतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल मादी काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि दोनेक महिने त्या जागेची राखण करते. म्हणजे एकाच हंगामात हॅझर्ड वाढतो आणि एक्स्पोजरही वाढतो. मगरींची संख्या तीच राहिली तरी धोका वाढतो. संख्या मोजून हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

एका रिसॉर्टची गोष्ट

पर्यटनस्थळाचं सगळ्यात चर्चेत राहिलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फ्लोरिडा राज्यात सुमारे १३ लाख अ‍ॅलिगेटर आहेत. तरी वैद्यकीय उपचार लागावेत असे, माणसानं न डिवचता झालेले चावे तिथं वर्षाला सरासरी आठच्या आसपास होतात. संख्येवर धोका ठरला असता, तर तिथं पर्यटन चाललंच नसतं.

पण १४ जून २०१६ च्या रात्री तिथल्या डिस्ने वर्ल्डमध्ये, रिसॉर्टच्या कृत्रिम तळ्याकाठी, दोन वर्षांच्या मुलाला अ‍ॅलिगेटरनं ओढून नेलं. मुलगा वारला. काठावर पांढरी वाळू टाकलेली होती, खुर्च्या होत्या. बोर्डही होता: ‘पोहू नका’.

या बोर्डावर थोडं थांबा. मुलगा पोहत नव्हता. तो काठाजवळ उथळ पाण्यात होता. त्याच्या कुटुंबानं बोर्ड मोडला असं म्हणता येत नाही. बोर्ड लिहिणाऱ्यानं एक्स्पोजर चुकीचा मोजला होता. धोका ‘पोहण्यात’ आहे असं गृहीत धरलं होतं, आणि मगरीच्या कुळातले प्राणी तर शिकार साधतात ती पाण्याच्या कडेला, बहुधा संध्याकाळी नि रात्री. वाळूचा सुंदर काठ माणसाला नेमकं त्याच जागी बोलावत होता. घटनेनंतर तिथं अ‍ॅलिगेटर आणि सापाची चित्रं असलेले बोर्ड लागले, काठाला दगडांची रांग आणि कुंपण आलं.

आपल्याकडच्या धरणावरचे, घाटावरचे बोर्ड आता या नजरेनं वाचा. ‘पाण्यात उतरू नये, हुकुमावरून.’ का उतरू नये? कुठवर? किती वाजल्यानंतर? ज्याला वाचता येत नाही त्यानं काय करायचं? बोर्डावर कारण लिहिलेलं नसेल, तर माणूस तो बुडण्याबद्दल आहे असं समजतो. पोहता येणारा मग खुशाल उतरतो.

मगर हलवली की प्रश्न सुटतो का?

हे माझ्या ज्युनिअरचं दुसरं उद्दिष्ट. २०१९ च्या जानेवारीत गुजरातमध्ये केवडियाला, स्टॅच्यू ऑफ युनिटीजवळच्या तळ्यातून मगरी पकडून दुसरीकडं सोडल्या. तिथं सी-प्लेन उतरवायचं होतं. ती सेवा ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली. त्या वेळी वन्यजीव अभ्यासकांनी यावर टीका केली होती. टीकेमागचं शास्त्र समजून घ्या.

ऑस्ट्रेलियात केप यॉर्कला संशोधकांनी खाऱ्या पाण्यातल्या तीन मोठ्या मगरी पकडल्या, उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर लावले आणि हेलिकॉप्टरनं दूर नेऊन सोडल्या. हा पेपर २००७ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही मगरी परतल्या. त्यातली एक तर द्वीपकल्पाला वळसा घालून वीस दिवसांत ४०० किलोमीटरहून जास्त पोहत मूळ जागी आली. त्यात मगर हलवली की तिची जागा रिकामी होते आणि दुसरी मगर येऊ शकते. नव्या ठिकाणच्या लोकांना मगरीसोबत वागायची सवय नसते, ते वेगळंच.

पण इथं सावध राहा. तो अभ्यास खाऱ्या पाण्यातल्या मगरींवरचा आणि फक्त तीनच मगरींवरचा होता. आपल्या मगरीला तो जशास तसा लावलात, तर व्हायवाला पहिला प्रश्न तोच येईल. वाक्य असं लिहा: ‘मगरकुळात परत येण्याची क्षमता दिसली आहे, म्हणून स्थलांतर हा पहिला उपाय मानता येत नाही.’ पुराव्याला जेवढं झेपतं तेवढंच त्याच्याकडून म्हणवून घ्या.

मग उपाय काय?

एक्स्पोजर कमी करणं. ते आपल्या हातात असतं. आता आपल्याच चिपळूणकडं या. वाशिष्ठीच्या खाडीत पर्यटक मगरी बघायला बोटीतून जातात. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री चिपळूणच्या रस्त्यावर चालणाऱ्या मगरीचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. जिथं मगर हेच आकर्षण, तिथं ती हटवून कसं चालेल? अशा ठिकाणी रिसॉर्टवाल्याला चार गोष्टी करता येतात.

एक, खरकटं आणि कोंबडी-मासळीचा कचरा पाण्यात किंवा काठावर टाकायचा नाही. माणूस म्हणजे अन्न असं मगरीच्या डोक्यात बसलं, की ती माणसाला भिणं सोडते. फ्लोरिडात अ‍ॅलिगेटरला खायला घालणं याच कारणानं गुन्हा आहे.

दोन, काठाची रचना. वाळूचा मऊ उतार पाण्यात नेऊ नका. काठ आणि पाणी यांच्यामध्ये कठडा, झुडपांची रांग, दगड ठेवा. बसायची जागा मागं आणि उंचावर घ्या.

तीन, वेळ. अंधार पडल्यावर काठ बंद. मुलं मोठ्यांच्या हाताला. कुत्रं पाण्याजवळ न्यायचं नाही.

चार, पाण्यात उतरावंच लागणार असेल तर कुंपण. श्रीलंकेत निलवला नदीकाठी आंघोळीच्या जागेभोवती पाण्यात मजबूत कुंपण घालतात. गावाच्या घाटासाठी ही कल्पना मोलाची आहे. पण कुंपण मोडलं आणि कुणी बघितलं नाही, तर ते नसण्यापेक्षा घातक, कारण लोक निर्धास्त उतरतात. म्हणून देखभाल कुणाकडं, हेही आराखड्यात लिहा.

मगर दिसलीच तर दगड मारत, सेल्फी काढत बसायचं नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

समजा दोन घाट आहेत. घाट ‘अ’ वर पाच वर्षांत चार हल्ले, घाट ‘ब’ वर एक. धोका कुठं जास्त? घाई करू नका. ‘अ’ वर रोज ४०० माणसं उतरतात, ‘ब’ वर २०. म्हणजे रोजच्या दर शंभर माणसांमागं पाच वर्षांत ‘अ’ वर एक हल्ला आणि ‘ब’ वर पाच. छेद बदलला की उत्तर उलटलं. हा छेद मिळवायचा तर सकाळ, दुपार, संध्याकाळ घाटावर बसून माणसं मोजावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण तुमचं खरं योगदान तेच. आणि ‘ब’ वरचा एकच हल्ला योगायोगही असू शकतो, म्हणून इतक्या लहान आकड्यांवरून ठाम निष्कर्ष काढू नका.

दुसरं, नुसत्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर विसंबू नका. मृत्यू छापून येतो, पायाला ओरखडा छापून येत नाही. कात्रणं, वनविभागाच्या नोंदी आणि गावातल्या मुलाखती, तिन्ही ताडून बघा.

तिसरं, जिथं हल्ले होत नाहीत तीही जागा अभ्यासा. गुजरातमध्ये आणंद-खेड्याकडं, चरोतरात, गावतळ्यांत मगरी आहेत. मलातजसारख्या गावात त्याच तळ्यावर लोकांचा रोजचा वावर असतो आणि हल्ले क्वचितच होतात. का? लोक कसे वागतात, तळ्यात मगरीला पुरेसं खाणं आहे का, काठ कसा आहे? या तुलनेतून उपाय सापडतील. फक्त हल्ल्याच्याच जागा पाहिल्या, तर कारण आणि योगायोग वेगळे करता येणार नाहीत.

ज्युनिअरचं पहिलं उद्दिष्ट आम्ही फोनवरच बदललं: ‘निवडलेल्या घाटांवर पाण्याशी येणारा मानवी संपर्क वेळ, हंगाम आणि कामानुसार नोंदवणे.’ मगरींची गणना दुसऱ्या क्रमांकावर गेली. तिची गरज आहेच, पण छेदाशिवाय तिला अर्थ नाही.

तुम्हाला एक घरचा अभ्यास देतो. नांदेडला असाल तर गोवर्धन घाटावर, लातूरकडचे असाल तर मांजरेच्या काठी, एक संध्याकाळ वही घेऊन बसा. किती माणसं पाण्याला लागली, कशासाठी, किती खोल, सोबत मुलं होती का, एवढंच लिहा. एकही मगर न पाहता तुमच्या वहीत धोक्याचा अर्धा भाग उतरलेला असेल. मगर असो, पूर असो की गाळात रुतणारा पाय, ती वही सगळ्यांना उपयोगी पडेल.

नोंदी केल्यात तर कमेंटमध्ये टाका. पुढच्या लेखात त्यांचा तक्ता कसा करायचा ते बघू.