कापूस आमचा, शर्ट त्यांचा

गोष्ट जून 2025 ची. मी सुट्टीत घरी शिंदखेड्याला होतो. 20 तारखेला सकाळी साडेसहाला ओट्यावर बसून मोबाईलवर मॅच लावली. अमेरिकेत क्लब वर्ल्ड कप चालू होता. ब्राझीलमधल्या रिओचा बोताफोगो क्लब विरुद्ध पॅरिसचा पीएसजी. पीएसजी म्हणजे तीनच आठवड्यांपूर्वी युरोपची चॅम्पियन्स लीग फायनल 5-0 ने मारलेली टीम! आणि बोताफोगोने त्यांना 1-0 ने हरवलं.

शेतावर निघालेले काका मागे उभे राहून बघत होते. स्टँडमधली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. काका म्हणाले, "हाऊ माणूस कसाले रडी ऱ्हायना? जिकना ना?"

मला उत्तर देता आलं नाही. हॉस्टेलला परत आल्यावर रूम पार्टनरला सांगितलं तर तो म्हणतो, "भो, ग्रुपची तर मॅच होती. कप जिंकला का तुझा बोताफोगो?" नाही जिंकला, पुढच्याच फेरीत बाहेर पडला. पण काकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

तर मित्रांनो, सुरुवात 1960 पासून करू. त्या वर्षी इंटरकॉन्टिनेंटल कप सुरू झाला. युरोपचा चॅम्पियन क्लब आणि दक्षिण अमेरिकेचा चॅम्पियन क्लब (म्हणजे कोपा लिबर्तादोरेस जिंकणारा) यांची वर्षातून एकदा गाठ. एक मॅच ह्यांच्याकडे, एक त्यांच्याकडे. पहिला कप रिआल माद्रिदने उरुग्वेच्या पेन्यारोलला हरवून नेला. पण 1962 मध्ये ब्राझीलच्या सांतोसने बेनफिकाला लिस्बनमध्ये जाऊन 5-2 ने धुतलं. पेलेची हॅटट्रिक. पुढच्या वर्षी मिलानला हरवून सांतोसने कप परत जिंकला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पेले तेव्हा सांतोसमध्येच होता आणि 1974 पर्यंत तिथेच राहिला. गारिंचा बोताफोगोत होता. म्हणजे जगातले सर्वात भारी खेळाडू आपल्याच गावच्या क्लबकडून खेळायचे. लढत बरोबरीची होती.

ह्या मॅचेस नेहमीच सभ्यपणे झाल्या असं मात्र नाही. 1967 ला अर्जेंटिनाचा रासिंग आणि स्कॉटलंडचा सेल्टिक यांच्या तिसऱ्या, निर्णायक मॅचमध्ये सहा जणांना बाहेर काढलं. 1969 ला एस्तुदियांतेसच्या खेळाडूंनी मिलानला इतकं मारलं की त्यांच्यातल्या काहींना जेलमध्ये जावं लागलं. मग युरोपचे क्लब टाळाटाळ करू लागले. आयाक्स दोनदा गेला नाही, बायर्न गेला नाही. 1975 आणि 1978 ला तर कप झालाच नाही. 1980 पासून टोकियोत एकच मॅच व्हायला लागली, टोयोटाच्या नावाने.

युरोपवाल्यांना वाटायचं, डिसेंबरच्या थंडीत लीग सोडून जपानला कशाला जायचं? दक्षिण अमेरिकेत उलट. तिथे त्या एका मॅचसाठी देश जागा राहायचा. 1981 ला झिकोच्या फ्लामेंगोने लिव्हरपूलला 3-0 ने हरवलं, त्याचं कौतुक अजून चालू आहे. 2000 साली बोका ज्युनियर्सच्या पालेर्मोने रिआल माद्रिदला पहिल्या सहा मिनिटांत दोन गोल मारले. ब्यूनस आयर्सला तेव्हा सकाळ होती. 2004 ला हा कप बंद झाला तेव्हाचा हिशोब बघा : 43 पैकी 22 दक्षिण अमेरिका, 21 युरोप.

मग 2005 पासून फिफाचा क्लब वर्ल्ड कप दरवर्षी व्हायला लागला. त्यात साओ पाउलो 2005 ला, इंटरनासिओनाल 2006 ला आणि कोरिंथियान्स 2012 ला जिंकले. आणि बस! त्यानंतर 2025 पर्यंत तिकडचा एकही क्लब जिंकला नाही.

असं का झालं? त्याचं एक मोठं कारण मैदानाबाहेर आहे. 1995 मध्ये युरोपच्या कोर्टाने बोसमन नावाच्या खेळाडूच्या केसमध्ये निकाल दिला. त्यानंतर युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंना तिथले क्लब 'परदेशी' म्हणून मोजू शकत नव्हते. साहजिकच परदेशी खेळाडूंच्या राखीव जागा मोकळ्या झाल्या आणि त्या भरायला ब्राझील-अर्जेंटिनाची पोरं होतीच. शिवाय टीव्हीचा पैसा युरोपात वाढत गेला. आता तर पोरगं अठराचं व्हायची वाट बघतात. व्हिनिसियस फ्लामेंगोतून 2018 ला गेला, एन्द्रिक पाल्मेरासमधून 2024 ला गेला, दोघेही रिआल माद्रिदला, दोघेही अठराव्या वर्षी. मेस्सी तर तेराव्या वर्षीच रोसारियोहून बार्सिलोनाला गेला.

म्हणजे क्लबने पोरगं वाढवायचं, युरोपने न्यायचं, आणि मग त्याच गावच्या पोरांनी त्याच्या नावाचा युरोपचा शर्ट विकत घ्यायचा. अशा माणसाला वर्षातून एक दिवस समोरासमोर उभं राहायची संधी मिळते. 2012 ला कोरिंथियान्सचे हजारो लोक जपानला गेले. त्यासाठी कोणी गाडी विकली, कोणी नोकरी सोडली, अशा बातम्या होत्या. गेरेरोच्या एका गोलने चेल्सी हरली. तिथे हा कप नसणं ही शिवी आहे. पाल्मेरासने 1951 ला रिओत एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती, तोच वर्ल्ड कप असं ते सांगतात, आणि बाकीचे त्यांना 'तुमच्याकडे वर्ल्ड कप कुठाय' म्हणून चिडवतात. सत्तर वर्षांवर भांडण चालू आहे!

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आहे. 11 एप्रिल 2022 ला रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवलं. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. एक गोल दिएगो मौरिसिओचा, जो फ्लामेंगोत वाढला. आणि जिंकून देणारा हेडर आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा. त्या ग्रुपमध्ये मुंबई दुसरी आली, तरी पुढे गेली नाही. पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये सौदीचा अल-हिलाल नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमला आला. लोक नेमारला बघायला बसले होते, तो जखमी होऊन घरी. मुंबई 2-0 ने हरली, त्या सीझनला सहाच्या सहा मॅच हरली. पण रियाधची ती रात्र कोणी खोडू शकत नाही. कप मिळाला नाही तरी एक विजय किती पुरतो, ते मला तिथे कळलं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा काकांना हे सगळं सांगितलं. ते कापसाच्या ढिगाशी बसले होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे कापूस आपला, गाठी बांधून बाहेर जातो, आणि शर्ट होऊन दुप्पट भावात परत येतो. तसंच ना?"

मी म्हटलं, "तसंच."

"मग एखाद दिवशी आपणच शर्ट शिवला आणि त्यांच्यापेक्षा चांगला निघाला, तर रडू येणारच की."

मी तीन पानं लिहिली, काकांनी दोन वाक्यांत उरकलं. मग मला म्हणाले, "तू पण इंजिनियर होऊन पुण्यालाच जाशील ना?" ह्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

असो. रूम पार्टनरने हे वाचलं असेल तर त्याने कॅन्टीनला चहा पाजावा. वाद तिथे पुढे चालू ठेवू.